मावशीचं वय

हिंगणी,
१८ डिसेंबर १९५७

प्रिय कांताताई,

तुमच्या घरचा जय भीम आणि आमच्या घरचा नमस्कार, दोन्ही घे. नर्सिंगची परीक्षा जवळ आली असेल. इथे थंडी चांगलीच पडली आहे. तुरीच्या शेंगा भरल्या, आणि तुझी आई, म्हणजे आमची धुरपतामावशी, म्हणते, पोरगी आली की सोलेभात करीन. तिची तब्येत बरी आहे. जेवते, बोलते.

तू विचारलंस, वर्ध्याच्या दवाखान्यात डोळ्यांचे ते मोठे डॉक्टर आले का. आले. तीन दिवस होते. ताई, काय माणूस! मेलेल्या माणसाच्या डोळ्याची पुढची काच काढतात आणि फूल पडलेल्या डोळ्यात शिवतात, केसापेक्षा बारीक दोऱ्याने. मी हे इंग्रजीत वाचलं होतं, पण समोर बघणं वेगळंच. डोळ्यासाठी नाव दिलेल्यांची यादी घेऊन मी त्यांच्या मागे मागे फिरत होतो.

शनिवारी पहाटे दवाखान्यात एक म्हातारा वारला. डोळे द्यायला त्याने आधीच अंगठा दिला होता. पण त्याच्या स्वतःच्याच एका डोळ्यात फूल पडलेलं, म्हणजे कामाचा एकच. डॉक्टर म्हणाले, दुपारीच बसवायचा, संध्याकाळच्या गाडीने मी जाणार.

तो ताराचंदशेटना बसवला. जाम गावचे, मोटारस्टँडजवळ दुकान आहे ते. वय पन्नास.

आता तू म्हणशील, आईचा नंबर पहिला होता. होताच. दिवाळीत तूच नाव देऊन गेलीस आणि म्हणालीस, "मदन, तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे." पण गेल्या महिन्यात दवाखान्याच्या कमिटीने नियम बदलला. ज्याचं वय कमी, त्याला आधी, कारण त्याच्यापुढे बघायची वर्षं जास्त. ताराचंदशेट बाबांचे दोस्त आहेत हे खरं. पण बाबांनी एक शब्द टाकला नाही. शपथ घेतो.

नियम मीच सुचवला होता.

एका इंग्रजी मासिकात वाचलं आणि कमिटीसमोर दहा मिनिटं बोललो. सेक्रेटरी रूपरावजी म्हणाले, "हिरालालचा पोरगा हुशार हाय!" टाळ्या पडल्या. मग सगळ्यांची वयं लिहायचं कामही मलाच दिलं. ज्यांच्याकडे कागद होता त्यांचं कागदावरून, नव्हता त्यांचं अंदाजाने. ताराचंदशेटनी जन्मपत्रिका आणली, लाल कापडात गुंडाळलेली. मावशी तुमच्या ओसरीवर बसली होती. मी तिला विचारलंही नाही. पांढरे केस, पडलेले दात, वाकलेली पाठ. बासष्ट लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो.

शनिवारी ती दवाखान्याच्या ओट्यावर होती. आदल्या दिवशी मीच तिला मोटारीने वर्ध्याला आणलं होतं. मी जवळ जाऊन म्हणालो, "मावशी, तू वयाने मागे राहिलीस."

"काऊन? किती लिहिलं रे माह्यं वय?"

"बासष्ट."

ती हसायलाच लागली. "आगा बाबू, बासष्टची तं माही सासू होती, मेली तवा! मानमोडीच्या साली मी मायच्या कडेवर होती. त्याच तापानं माय गेली अन् आत्यानं मले वाढवलं."

मानमोडीचा ताप म्हणजे १९१८. कडेवर म्हणजे दोन-तीन वर्षांची. म्हणजे बेचाळीस, ताई. बेचाळीस! तू बावीसची, आणि तू तिची पहिलीच. हे सगळं मला माहीत होतं. पण मी कधी विचारच केला नाही.

रूपरावजींकडे धावलो. ते म्हणाले, "कागद आन. शेटजीनं पत्रिका देल्ली, अन् तू मले गोष्टी सांगून राह्यला. बापा, नियम तुहाच ना?"

एकाची सायकल मागून घेतली आणि तहसीलच्या रेकॉर्डात गेलो. तिथे गावोगावच्या कोतवालांनी लिहिलेल्या जन्माच्या नोंदी आहेत. शनिवारमुळे बापूराव मुन्शी कुलूप लावत होते. पाया पडलो, तेव्हा उघडलं. नोंद सापडली. हिंगणी (मावशीचं माहेरही इथलंच), बाप नत्थू, एक मुलगी, १९१५. त्याच्या आधी १९०४ ला पण तसंच. बाप नत्थू, एक मुलगी. मी म्हणालो, "मुन्शीजी, नाव कुठे आहे?"

"पोरीचं नाव कोन लिहिते बाबू? झाली हे लिहून ठेवलं, हेच लय हाय."

दोन्ही नोंदी उतरवून आणल्या. रूपरावजींनी चष्मा लावून वाचल्या. "यातली धुरपता कोनती? पहिली असन तं त्रेपन्न, शेटजीहून मोठी."

"धाकटी. मोठी लहानपणीच गेली म्हणते मावशी."

"गेल्याचा कागद?"

तो नव्हता. तीन वाजले होते. डॉक्टर हात धूत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "यादी मी करत नाही. माझ्या हातात दिली, तिच्याप्रमाणे मी चालतो." यादीवर माझंच अक्षर होतं.

दुसऱ्या दिवशी मोटारीची वाट पाहताना मावशीने विचारलं, "आता आनखी कोनी मरून राह्यलं का रे तिथं?" आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "माह्यं नाव खोडून टाकजो. कोनाच्या मरनाची वाट पाहत बसू का मी?"

मी खोडलं नाही. पण वयही सुधारता आलं नाही. रूपरावजी कागदाशिवाय हात लावू देत नाहीत. यादीत अजून बासष्टच आहे. डॉक्टर पुन्हा कधी येतील, कोणालाच माहीत नाही.

मावशीने बजावलं आहे, "कांताले काही लिहू नको, तिची परीक्षा हाय." तरी लिहितो आहे. दुसऱ्या कोणाकडून तुला कळलं असतं तर ते सहन झालं नसतं. तुला की मला, ते सांगता येत नाही.

आता तू आईला पत्र टाकशील, आणि नेहमीसारखं ते मलाच वाचून दाखवावं लागेल. माझ्याबद्दल जे लिहायचं ते सगळं लिही. तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचीन. एक शब्द गाळणार नाही.

खाली 'तुझा' लिहायला हात धजत नाही.

मदन