शोभाने राखलेली संत्री

२८ नोव्हें.
काल शोभाची तेरवी झाली. आज संत्र्याची खोली उघडली. दारातच बुरशीचा वास. नातलगांना द्यायला शोभाने राखलेले दहा क्रेट. दवाखान्यात जायच्या आधी स्वतः कात्रीने, देठ ठेवून तोडलेली. खालच्या क्रेटमध्ये नुसती हिरवी पूड. वास जावा म्हणून पंखा लावला.

२९ नोव्हें.
कृषी सहायक येऊन गेले. पंखा लावायला नको होता म्हणाले, पूड उडून चांगल्या फळांवर बसते. नासलेलं हलवायचं नाही, ओल्या कागदात धरून उचलायचं, लांब पुरायचं.
ताई रडली. मोठी बहीण, तिनेच सांगितलं होतं की सुतकात ती खोली उघडू नये. "माह्या सांगण्यानं नासली रे बापू."
सुतकाच्या आधीचं कोणाला माहीत नाही. शोभा दवाखान्यातून रोज विचारायची, संत्री पाहिली का, नासलेलं काढलं का. मी खोलीत गेलोच नव्हतो. म्हणालो, पाहिली, चांगली आहेत. तीनदा म्हणालो.

१ डिसें.
दिवसभर निवडली. चांगली तेवढी कोमट पाण्यातून काढून ओसरीत एकेक सुटी मांडली. मी फार हळू उचलत होतो. ताई म्हणे, "संत्रंच आहे ते, नवरी नाही." बऱ्याच दिवसांनी हसलो. मग लाज वाटली.
भिंती ब्लीचिंगच्या पाण्याने पुसल्या. तीन क्रेट उरले.

३ डिसें.
पुन्हा अकरा फळं देठापाशी मऊ. पंख्याचंच असेल. ताई दर वेळी स्वतःलाच बोल लावते. आज जेवली नाही.

४ डिसें.
लेक मनू सासरहून पुन्हा आली. ओसरीत बसून एक सोललं, अर्धं मला दिलं. गोड होतं. म्हणाली, "आई फोनवर म्हणे, बाबानं पाह्यली, चांगली हायेत. लय बरं वाटलं होतं तिले." मी पुढची फोड हातातच धरली.
ताई आतून ऐकत होती. "तवा चांगली होती व माय. मीच खोली बंद ठेवाले लावली."
तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि तीच फोड आत टाकली.

५ डिसें.
उरलेल्यांतली निम्मी मनूच्या पिशवीत भरली, निम्मी ताईच्या. ताई घेत नव्हती. माझा हक्क नाही म्हणाली.
उद्या ती शिरपूरला परत जाते. बस आठची आहे. स्टँडपर्यंत मीच सोडायला जाणार. वाटेत सांगायचं.