मागच्या आवारातली लाल गाडी

सेंट ऑल्बन्स, मेलबर्न
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय नार्दू,

तुला आणि रोझला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. मॅकेला ऊसतोडणी जोरात असेल. रोझच्या गुडघ्याचं काय झालं, ते कळव. इकडे थंडी हटत नाही, पण दुपारचं ऊन बरं असतं. बेकरी ठीक चालली आहे. सालवू अजून पहाटे तीनला येऊन भट्टी पेटवतो आणि सारणाचं रिकोटा चीज पातळ आहे म्हणून माझ्याच नावानं ओरडतो. रिकोटा मी बनवते का? पण त्याचा राग असाच आहे, कोणावर तरी निघायला हवा.

तीनदा तुझा नंबर फिरवला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

बातमी म्हणशील तर या वर्षातली मोठी बातमी आपल्या मागच्या आवाराची. तुला आठवत असेल, दहा गाड्या लागतील एवढी जागा. तुझा मेहुणा झूझी असताना त्यात गिऱ्हाईकं आणि आपली व्हॅन सोडून दुसरं कोणी दिसायचं नाही. तो दारात नुसता उभा राहायचा आणि लोक आपणहून गाडी फिरवून न्यायचे. तो गेला आणि महिन्याभरात सगळ्यांना कळलं की बेकरीमागं आता कोणी विचारणारं नाही. स्टेशनच्या पार्किंगला सातच्या आत जागा संपते. मग यायचं, आपल्याकडे गाडी टाकायची, ट्रेन पकडून शहरात जायचं, संध्याकाळी सहाला परत. आपली म्हातारी गिऱ्हाईकं मात्र काठी टेकत पुढच्या चौकातून चालत यायची. सिस्टर पॉलिनने तर येणंच सोडलं.

मी काय काय केलं म्हणून सांगू! पाटी लावली. रस्त्यावर असतात तसल्या नारिंगी टोप्या मांडल्या, त्या लोक उचलून भिंतीशी ठेवायचे आणि वर नीट रांगेत ठेवायचे. दोरी बांधली. काचांवर चिठ्ठ्या लावल्या. नगरपालिकेला फोन केला. ते म्हणाले, खासगी जागा आहे, आम्हाला हात घालता येत नाही. पोलीस म्हणाले, हा गुन्हा नव्हे. मी म्हटलं, मग चाकाला जॅमर लावते. वकील हसला. म्हणाला, "टेसी, जॅमर लावलास तर केस तुझ्यावरच होईल."

बाकीच्या गाड्या बदलायच्या, पण एक लाल गाडी रोजची. दाराला लागूनच्या जागेत, सकाळी साडेसातच्या ठोक्याला. थुई नावाची बाई, चाळिशीची, व्हिएतनामी. अंगावर वृद्धाश्रमाच्या नर्सचा निळा युनिफॉर्म. पहिल्या दिवशी मी बाहेर गेले.

"बाई, ही पाटी वाचता येते का?"

"येते ना. तुम्हीच लिहिलीय का? अक्षरं एकमेकांवर चढलीत," ती म्हणाली. "मुलीला शाळेत सोडून येईपर्यंत स्टेशनात जागा नसते. मी कुठं लावू?"

"मुलगी काय मला विचारून झाली होती का?"

"नाही. पण झूझीकाकांना विचारून गाडी लावत होते," असं म्हणून ती पळाली. ट्रेन येत होती.

मला ते खोटंच वाटलं. मेलेल्या माणसाच्या नावावर कोणी काहीही खपवतं. त्यानंतर सात महिने आम्ही रोज भांडलो. ती खाली पडलेली माझी चिठ्ठी उचलून, घडी घालून मला परत द्यायची. सालवू पैज लावायचा, आज कोण जिंकेल म्हणून.

जुलैमध्ये ते सगळं संपलं. एका सकाळी मी व्हॅन मागं घेत होते, क्लबची ऑर्डर पोचवायची होती. व्हॅन थुईच्या गाडीवर आदळली. डिकी चेपली. आवाज ऐकून सालवू बाहेर आला, दोन गिऱ्हाईकं आली. सगळे माझ्याच बाजूनं बोलले. जागा खासगी, पाटी लावलेली, सात महिने सांगून झालेलं. "बघ बाई, शेवटी असंच होणार होतं," असं सालवू तिला तोंडावर म्हणाला. तिनं एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून लाल गाडी बंद. ती गोष्ट गल्लीत पसरली आणि बाकीच्या गाड्याही बंद. आवार रिकामं. सिस्टर पॉलिन परत येऊ लागली. मला सगळे म्हणायचे, टेसी, जिंकलीस.

इथं पत्र संपवलं असतं तर चाललं असतं. कालपर्यंत तसंच ठरवलं होतं. पण नार्दू, गाडी एकटी नव्हती.

थुई डिकी उघडून आतले कामावर घालायचे बूट काढत होती. माझ्याकडे पाठ. मला ती दिसली नाही. गाडीही दिसली नाही. ऊन मागून येत होतं, आरशात सगळं पांढरं फटक. मला वाटलं, जागा रिकामी आहे. खरं म्हणजे वाटलंही नाही, मी नेहमीसारखी अंदाजानं मागं आले. तिनं व्हॅनचा आवाज ऐकून बाजूला उडी मारली म्हणून वाचली. गुडघे फुटले. बूट डिकीत चिरडले. एका क्षणाचा फरक. आणि मी खाली उतरून काय केलं? तिच्या अंगावर ओरडले, "इथं उभं राहायचा हक्क काय तुला?"

सगळ्यांनी ऐकलं आणि माना डोलावल्या.

त्यानंतर मला झोप लागेना. मी रोज व्हॅन काढायची, ऑर्डरी पोचवायला क्लबला जायची, शाळेला जायची आणि परत आल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायची. पांढऱ्या रेषेचा अंदाज घेत मी गेलं वर्षभर गाडी चालवत होते, नार्दू. सिग्नल लाल की हिरवा हे पुढची गाडी काय करते त्यावरून ठरवायची. कोणाला सांगणार? आई शेवटची सहा वर्षं खिडकीशी बसून कोण आलं ते पावलांवरून ओळखायची. मला ती खुर्ची दिसायची. बाकी काही दिसत नव्हतं, तेवढं स्पष्ट दिसायचं.

शेवटी एका मंगळवारी मी ट्रेननं तिच्या वृद्धाश्रमात गेले. आश्रमाचं नाव तिच्या युनिफॉर्मवर असायचं, तेवढं मोठ्या अक्षरात होतं. आपल्या बेकरीच्या खुसखुशीत, सारण भरलेल्या पास्तित्सीचा डबा घेऊन भेटायच्या खोलीत बसले. थुई आली ती उभीच राहिली.

"गाडीच्या दुरुस्तीबद्दल आला असाल तर..."

"दुरुस्ती मीच करून देणार आहे," मी म्हटलं. "दुसरंच सांगायचं होतं. त्या दिवशी चूक तुझी नव्हती. तू तिथं होतीस ते मला दिसलंच नाही."

ती खाली बसली. "मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मावशी, मी रोज ऐंशी म्हाताऱ्या बघते. तुम्ही माझ्याशी भांडता तेव्हा माझ्या कानाकडे बघता. चिठ्ठी वाचताना नाकाला लावता. मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुमच्याकडून चाव्या काढून घेतल्या असत्या, तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर. त्यावर तुम्ही मला मारलंच असतं." मग ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. "मी रात्री मुलीला जवळ घेऊन झोपले हो. फार घाबरले होते."

मी तिचा हात धरला. किती वेळ धरला कोण जाणे. तिनं डबा उघडला, एक पास्तित्सी मला दिली आणि एक स्वतः खाल्ली. म्हणाली, "वाटाण्याच्या सारणाची. झूझीकाका पण वाटाण्याचीच द्यायचे, गाडी लावली की." तेव्हा माझा विश्वास बसला. रिकोटाची तो विकायला ठेवायचा. फुकट द्यायची ती नेहमी वाटाण्याची.

डॉक्टर तिनंच शोधला. व्हॅनच्या चाव्या मी त्याच आठवड्यात सालवूला दिल्या. त्यानं का म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि जन्मात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले. आई गं, सालवूच्या चेहऱ्यावर किती सुरकुत्या! माझ्या भिंतींचा रंग पिवळा नाही, पांढरा आहे. पट्टी सुटल्यावर मी खिडकीशी उभं राहून पलीकडच्या दुकानाच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचल्या, बारीक अक्षरांसकट. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. खुर्ची बिर्ची काही नाही. आईचं दुखणं निराळं होतं, डॉक्टरनं मला समजावून सांगितलं. एवढं विचारायला मी वर्षभर घाबरत होते.

आवाराचं म्हणशील तर नवी पाटी छापून आणली. गिऱ्हाईकांसाठी पुढच्या सहा जागा, आणि खाली लिहिलंय, रोज लावायची असेल तर आत येऊन टेसीला विचारा. चौघं आले विचारायला. पिठाच्या कोठाराकडच्या चार जागा त्यांना दिल्या. त्यांतली एक थुईची. न विचारता लावणारे अजूनही येतात, पण आता हे चौघंच त्यांना हाकलतात. थुई सगळ्यांत जोरात.

आता जे लिहायचं होतं ते. तू मागच्या ऑक्टोबरला झूझीला जाऊन महिना झाला तेव्हाच्या प्रार्थनेला आलास. विमानतळावर सोडताना मी वळणावर त्या सायकलवाल्याला जवळजवळ उडवलं. तू म्हणालास, "टेसी, तुझे डोळे गेलेत, चाव्या दे." तुझा आवाज थरथरत होता, तेही मी ऐकलं होतं. आणि मी म्हणाले, झूझी गेल्यापासून तुझा बेकरीवर डोळा आहे. तू गाडीतून उतरलास, बॅग घेतलीस आणि रस्त्याकडेनं चालत गेलास. मला तू पाच पावलांवर दिसेनासा झालास. मी रडत घरी आले, तेही गाडी चालवत.

बेकरी तुला नको होती, हे बोलतानाच मला माहीत होतं. मी घाबरले होते आणि समोर तू होतास. ते शब्द मी परत घेते. अकरा महिन्यांत कोणाचं काही वाईट झालं नाही, हे तुझ्या बहिणीचं कर्तृत्व नव्हे, देवाची दया.

तुझं बरोबर होतं, हे लिहून आज मोकळी झालेली,
तुझी टेसी