पंचवटीतली तुमची खिडकी

आप्पा, त्या सोमवारी सकाळी मी निफाडला पंचवटीत चढलो, आपल्या डब्यात गेलो, आणि तुमच्या जागेवर बसलो नाही. मनमाडच्या तात्यांनी नेहमीसारखा रुमाल टाकून खिडकी धरून ठेवली होती. मी दारापाशीच उभा राहिलो. गोदावरीचा पूल आला तसे हात जोडले, खिशातलं जास्वंदीचं फूल पाण्यात सोडलं. तात्या लांबूनच म्हणाले, “का रे, बापाशी भांडलास का?”

तुम्ही गेल्यावर मला मुंबईला नोकरी लागली, तेव्हा हेच तात्या पस्तिशीचे होते. पहिल्या दिवशी मी पास हातात धरून अवघडून उभा होतो. त्यांनी दंडाला धरून बसवलं. “ही आप्पांची जागा. तू उभा राहिलास तर आम्हाला झोप यायची नाय.” त्या दिवसापासून मी तिथे बसत आलो. ही जागा तिकिटावर लिहिलेली नव्हती, पण पासवाल्यांच्या डब्यात ती सगळ्यांना ठाऊक होती.

गाडी नवी असल्यापासून तुम्ही तिच्यात. पहिल्यांदा आली तेव्हा नाशिक रोडला लोक हार घेऊन उभे होते, ते तुम्ही रविवारी जेवताना सांगायचात. सांगायला रविवारच असायचा. एरवी मी उठायच्या आत तुमची सायकल निफाडच्या रस्त्याला लागलेली, आणि परत यायचात तोवर मी झोपलेलो. एकदा तुम्हाला ताप आला आणि तुम्ही बुधवारी घरी दिसलात, तर मी आईला विचारलं होतं, आज शाळा नाही का? तुम्ही हसलात, पण दुसऱ्या दिवशी अंगात कणकण असतानाही गेलात.

तुमच्यानंतर गाडी बरीच बदलली. इगतपुरीला इंजिन बदलायचं, तेवढ्यात तुम्ही उतरून सगळ्यांचा चहा आणायचात. पुढे एकच इंजिन थेट जाऊ लागलं, थांबा आखडला, आणि तात्यांचा अर्धा चहा तिथल्या बाकावरच राहिला. ते अजून त्या इंजिनाला शिव्या देतात. मग नवे डबे आले. बाकांची मांडणीच निराळी, आणि तुमची जागा कोणती यावर आठवडाभर वाद चालला. निम्मे म्हणत नंबर तोच धरा, निम्मे म्हणत बाजू तीच धरा. तात्यांनी निकाल दिला, “आप्पा नदीला वरच्या अंगानं, पाणी येतं त्या बाजूनं नमस्कार करायचे. बाजू धरा.” साथीच्या काळात गाडी उभीच राहिली. सुरू झाली तरी पासवाल्यांना बरेच दिवस घेत नव्हते. घेऊ लागले त्या सकाळी तात्या रुमाल धुऊन, इस्त्री करून घेऊन आले होते.

अशी जागा सोडायची कशी, हेच मला कळत नव्हतं. नाशिकला बदली मिळत होती, ती मी दोनदा नाकारली. साहेबांना सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. घरी मात्र काही सांगता येईना. तुमची सून म्हणाली, “बायकांचं माहेर गावात असतं, तुमचं त्या डब्यात आहे.” यावर मी हसलो. पण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी बोलता बोलता विचारलं, पोरगी गाडी काय छान चालवते, तुम्हीच शिकवली ना? माझी मुलगी स्कूटर चालवायला शिकली होती आणि मला ते ठाऊक नव्हतं. कोणी लपवलंही नव्हतं. मी घरी नव्हतो, एवढंच. त्या संध्याकाळी मला ‘आज शाळा नाही का’ विचारणारा लहानपणचा मी आठवलो. तिसऱ्या वेळी बदलीच्या कागदावर सही केली.

त्या सोमवारी माझ्या पासाचा शेवटचा दिवस होता. नाशिक रोडला एक नवी मुलगी चढली, पाठीवर बॅग, कोऱ्या पासाचं पाकीट हातात, बसायला जागा कुठेच नाही. मी तिला तुमच्या खिडकीकडे हात केला. तात्यांनी रुमाल उचलला नाही. “आप्पांना विचारलंस का?”

“विचारत होतो, तात्या. म्हणून तर एवढी वर्षं लागली.”

तात्यांनी रुमाल झटकून खिशात घातला आणि तिला म्हणाले, “बस ग बाई. पुलावर हात जोडायचे असतात, पूल कुठला ते परतीच्या गाडीत कुणाला तरी विचारून घे.” तिने बरं म्हटलं. तिला नाशिक रोडलाच उतरायचं असतं, पूल त्याच्या पुढे येतो, हे तात्यांच्या ध्यानातही आलं नाही. कसाऱ्याच्या घाटात ती झोपून गेली होती.

मंगळवारी उजाडल्यावर मी गोदावरीच्या घाटावर गेलो. नदी आपल्या दारातली, पण तुम्ही ती सगळी वर्षं पुलावरूनच पाहिलीत. पाण्यात पाय सोडून बसलो, फूल हाताने ठेवलं. घरी आलो तर मुलगी म्हणाली, चला, तुम्हाला बसस्टँडवर सोडते. तिच्या मागे बसून नाशिकच्या बसला गेलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. ती खिडकी मला कधीच मानवली नाही. वारा थेट उजव्या कानात जायचा. इतकी वर्षं मी कानात कापूस घालून बसत होतो, आणि तात्या माझ्याकडे वळले की काढून ठेवत होतो.