शपथ पाळली म्हणून

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आईनं आज विनूला इथल्या, काशीच्या पंचगंगा घाटावर नेलं, ओंजळीत गंगाजल धरायला लावलं आणि पुन्हा शपथ. दारूचा थेंब घेणार नाही. मी पायऱ्यांवर चपला सांभाळत उभी.

कालपर्यंत पितृपक्षभर माझा हा धाकटा भाऊ महाराष्ट्रातल्या यजमानांची श्राद्धं करत होता आणि काशीला आलात तर आवडतं काहीतरी सोडून जा म्हणून त्यांना सांगत होता. लोकही बेरकी. कुणी पडवळ सोडतं, कुणी कारलं. श्रीखंड सोडलेला माणूस मी अजून पाहिला नाही. विनूनं मात्र आवडतं तेच सोडायचं. पण आवडते तरी कुठे आता त्याला? उठल्या उठल्या घेतली की हात चालतात, एवढंच.

आई खूश आहे. मला धास्ती.

२३ सप्टें., मंगळ

घेतली नाही. झोळी तपासली, तोंडाचा वास घेतला. शोभतं का मला हे, पन्नाशीला आलेल्या मास्तरीणबाईला? पण चैन पडत नाही. त्याचे हात इतके थरथरतात की पळीतलं पाणी निम्मं सोवळ्यावर. घामानं निथळतोय. जेवला नाही. आई म्हणते, "निघतंय सगळं बाहेर, निघू दे." शाळेत दिवसभर लक्ष नव्हतं.

२४ सप्टें., बुध

दुपारी शाळेत फोन. शेजारचे पांडेजी. "बहनजी, जल्दी आइए."

विनू अंगणात पडलेला. डोळे फिरलेले, अंग आचके देतंय, जीभ चावून तोंड रक्तानं भरलेलं. आई देवघराच्या उंबऱ्यावर बसून एकच घोकत होती. "चोरून प्यालास ना? गंगेची शपथ मोडलीस, आता भोग." शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "नाही ग आई. नाही घेतली." कुणाला पटलं नाही. मलाही नाही.

गल्लीत गाडी येत नाही. पांडेजींच्या मुलांनी खुर्चीत बसवून मैदागिनच्या मोठ्या रस्त्यापर्यंत नेला. खुर्चीतून त्यानं माझा हात सोडला नाही. लहान होता तेव्हा जत्रेत असाच धरायचा.

२५ सप्टें., गुरु

दवाखान्यात. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलणं ठाम. आईला विचारलं, "पीना कब छोड़ा इन्होंने?"

"सोमवार को. गंगाजी की कसम खिलवाई हमने." आई जरा ऐटीतच बोलली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "माताजी, इसी से दौरा पड़ा है. इतने साल रोज़ पीने वाला एकदम से छोड़ दे तो जान भी जा सकती है."

म्हणजे तो खरं बोलत होता. शपथ पाळली म्हणून पडला. इतक्या वर्षांत मेंदूला त्या दारूची सवय झालेली असते, एकाएकी तोडली की तो बिथरतो. इथे औषधानं हळूहळू उतरवतात. मग ओढ कमी करायच्या गोळ्या, समुपदेशन, महिनोन्महिने. "बीमारी है, इलाज भी है. बस, लंबा है."

बाहेर व्हरांड्यात येऊन रडले. त्याच्यासाठी की स्वतःच्या रागानं, माहीत नाही.

२८ सप्टें., रवि

आईशी कडाक्याचं भांडण. तिला आजार हा शब्दच पटत नाही.

"तुझ्या साखरेसाठी कधी घेतलीस शपथ? गोळी घेतेस ना?"

"साखर काय मी विकत आणलीय?"

"हो! चौकातून, पेढ्यांच्या डब्यातून!"

 संध्याकाळी आईनं माझ्याशी अबोला धरला आणि विनूला मऊ भात करून पाठवला.

२ ऑक्टो., गुरु

दसरा. विनू घरी. गोळ्या वेळेवर. पण एका जागी बसत नाही. जिना चढतो, उतरतो, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. मी मागून, गुप्तहेरासारखी. वळून म्हणाला, "ताई, तू पुढे चाल, मी मागून येतो. तेवढाच बदल." हसलो दोघं. कितीतरी दिवसांनी.

बाईंनी सांगितलंय, पुलिस मत बनिए. सांगायला काय जातं.

१२ ऑक्टो., रवि

दवाखान्यात दर रविवारी दारू सोडू पाहणारे एकत्र बसतात, बोलतात. विनू जायला तयार नाही. "तिथे एखादा यजमान भेटला तर?"

"भेटला तर त्यालाही तीच पंचाईत."

गेला शेवटी.  रात्रीचं नीट जेवला, दुसऱ्यांदा आमटी मागितली.

२६ ऑक्टो., रवि

आईनं नवीन काढलंय. कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा शपथ. "तेव्हा तब्येत साथ देत नव्हती. आता बरा झालाय, आता घेतली की पक्कं."

मी तोंड उघडणार तोच विनू म्हणाला, "आई, शपथ घेतली आणि चुकलो की मला घरी येता येत नाही. तोंड लपवून तिकडेच बसतो, मग आणखी पितो." एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. आई उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी फार वाजली.

५ नोव्हें., बुध

कार्तिकी पौर्णिमा. घाटांवर मुंगीला शिरायला जागा नाही. विनू यजमानांना घेऊन दुपारीच दशाश्वमेधला गेला, पाचला येतो म्हणाला. सहा वाजले. फोन लागेना. आई खिडकीत, मी दारात, जीव थाऱ्यावर नाही. मागे असा गेला होता तेव्हा मणिकर्णिका घाटामागच्या गल्लीत सापडला होता, तेही दोन दिवसांनी.

साडेसहाला फोन वाजला.

"ताई, घेतली मी. थोडी. घरी येऊ का?"

"ये," एवढंच म्हणवलं. मग तिथेच उंबऱ्यावर त्याची वाट बघत बसले.

६ नोव्हें., गुरु

सकाळी दवाखान्यात. आई आपणहून निघाली, काठी घेऊन. बाईंनी विचारलं तेव्हा विनूनं सरळ सांगितलं, कधी, किती, कुणाबरोबर. बाईंनी शांतपणे लिहून घेतलं, गोळ्या बदलल्या. "अच्छा किया, आ गए. फिसलना इस बीमारी में होता है. सोमवार को फिर दिखाइए."

बाहेर आल्यावर आई गोंधळलेली. "रागावल्या कशा नाहीत ग?"  रागावायचं मलाही होतं.

परत येताना रिक्षात आई मध्ये बसली होती. बराच वेळ चुळबुळ केली, पदर सारखा केला. मग विनूकडे न बघता म्हणाली, "प्यावीशी वाटते तेव्हा नक्की काय होतं रे तुला?"

इतक्या वर्षांत 'का प्यालास' सोडून दुसरं काही तिनं त्याला विचारलेलं मला आठवत नाही.  गोदौलियाच्या चौकापाशी विनू बोलायला लागला. रिक्षाच्या आवाजात मला अर्धं ऐकू आलं नाही. आईनं त्याच्या तोंडाजवळ कान नेला होता.