गौरांगच्या शेताचं भाडं

रांझी, जबलपूर
९ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
बंडूचा सा. न.

लिहितो लिहितो म्हणता पोळा गेला, गणपतीही गेले. कागद आणून ठेवला होता, त्यावर आईनं धने वाळत घातले. मग मी ग्वारीघाटाला एका दिवेवाल्याच्या हाताखाली राहिलो, तिथे फोन नर्मदेत गेला. त्या दिवेवाल्याची गंमतच आहे, पण अच्छा, ते राहू दे. बाबांच्या फोनवर हे बोलता येत नाही. दोन खोल्यांचं घर, फोनचा आवाज कायम मोठा, आणि आई समोरच. म्हणून पत्र.

गोष्ट गौरांगदादाच्या शेताची आहे. तुला वाटत असेल, दादाला जाऊन दोन वर्षं झाली, आता आईनं ते सोडलं असेल. नाही सोडलं. रोज दुपारी भांडी आवरली की ती टीव्हीवर त्याचा गेम लावते आणि त्यानं मांडलेल्या शेताला पाणी देते. भोपळे आहेत, ऊस आहे, विहीर आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून त्यानं झाडाखाली एक बाक केला होता, आठवतं? दादाचं बाहुलं ती त्या बाकावर बसवते आणि स्वतःही बसून राहते. मी एकदा हसलो होतो. आता नाही हसत.

शेजारधर्मही चालू आहे. पलीकडे पिवळ्या छपराचं घर आहे, कोणाचं कोण जाणे. तिथलं बाहुलं दिसलं की आई हात हलवायचं बटण दाबते, तेही हात हलवतं. संक्रांतीला तर आईनं त्याच्या फाटकाशी वाण म्हणून ऊस ठेवला. मी म्हटलं, आई, तिकडे कोणी मिशाळ माणूस निघाला तर? म्हणाली, मिशाळाला ऊस चालत नाही का.

आता कंपनीचं ऐक. दादानं गेम एकदाच पैसे देऊन घेतला होता. मग शेत सांभाळायचं मासिक भाडं सुरू झालं. मग ते वाढलं, मग विहिरीचं वेगळं. आता दिवाळीपासून दुप्पट, नाहीतर नवा भाग विकत घ्या, आणि नव्या भागात जुनं शेत येत नाही. गेम उघडला की आधी जाहिरातींचा मारा. मधून इंग्रजी अक्षरांच्या चिठ्ठ्याही येतात. आई सगळ्या कंपनीच्याच समजते आणि गोल बटण दाबून मिटवते. त्याच आठवड्यात बाबांनी पेपर वाचून दाखवला, की कंपनीला यंदा कधी नव्हे इतका नफा झाला.

आणि इकडे आई गुडघ्याची गोळी एक दिवसाआड घेऊन राहिली आहे. मला डबी हातात घेतल्यावर कळलं.

बाबांचं म्हणणं, दर वाढवायला कारण दाखवावं लागतं, चित्रातल्या विहिरीला असा कोणता खर्च आला? फॅक्टरीच्या ऑफिसात जन्म गेला त्यांचा, अर्ज केला की वरचा साहेब वाचतो यावर त्यांचा विश्वास आहे. ते अर्ज लिहून राहिले. इंग्रजी मी करणार, म्हणजे बघ.

लोभ तर तू करतेसच, या वेळी थोडी अक्कलही पाठव.

तुझा
बंडू


नागपूर
१५ सप्टेंबर २०२५

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्राला अजून धन्यांचा वास आहे. फोन नदीत टाकणारा आपल्या घरात तूच. दिवेवाल्याची गंमत पुढे सांग, पण आधी हे नीट वाच.

आईच्या औषधाचं आणि भाड्याचं मी इथून बघते. बाबांना कळू देऊ नकोस, मुलीकडून घेताना त्यांचा चेहरा उतरतो. आणि तो अर्ज थांबव. काही झालं तरी दादा गेल्याचं कंपनीला कळवू नका. मी बँकेत काउंटरला बसते. मृत्यूचा दाखला आला की आम्ही पहिलं काम करतो ते खातं बंद करायचं. आमच्याकडे निदान वारसाला मिळतं. या लोकांच्या अटी मी वाचून काढल्या. ते शेत आपल्याला विकलेलंच नाही. ज्याच्या नावावर आहे तो जिवंत असेपर्यंत फक्त वापरू देतात. बाबा रुसले तर रुसू देत, हवं तर चष्मा लपव त्यांचा.

ते पिवळ्या छपराचं घर वाचून एक आठवलं. दादा शेवटी शेवटी कोणा शेजारणीबद्दल बोलायचा. मी चिडवलं की लाजून फोन ठेवायचा. मी समजले, आपल्या गल्लीतलीच कोणीतरी. असो.

जेवत जा, घरी टिकत जा. माझी माया आहेच, आईचीही थोडी तुझ्या नावावर लिहून ठेवते.

तुझी
प्रणोतीताई


रांझी
२१ सप्टेंबर २०२५, रविवार

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. अर्ज बुधवारीच गेला होता.

मीच पाठवला. बाबांनी काय सुरेख लिहिला होता, विषय, संदर्भ, सविनय, सगळं जागच्या जागी. घरातला कमावता मुलगा गेला हे सांगितलं की सवलत मिळते, हे त्यांना पक्कं ठाऊक. फॅक्टरीत मिळतेच. म्हणून दाखल्याची प्रत जोडली. नुसती प्रत चालत नाही म्हणून हेडमास्तर भय्यासाहेबांकडे जाऊन सही-शिक्का घेतला. चौकातल्या दुकानातून मी ते सगळं मेल केलं आणि वर समोसा खाल्ला.

दुसऱ्याच दिवशी उत्तर. पहिल्या ओळीत दुःख झाल्याचं, दुसरीत नियमाप्रमाणे खातं बंद केल्याचं, तिसरीत नव्या भागावर सवलत. बाबांनी परत परत वाचायला लावलं. त्यांना वाटलं, माझंच इंग्रजी चुकून राहिलं.

दुपारी आईनं टीव्ही लावला. आकाश आलं, शेत नाही. नवीन शेत विकत घ्या, एवढंच. तिला वाटलं जाहिरात आहे. तिनं गोल बटण दाबलं. परत दाबलं. दाबतच राहिली. मग मला विचारलं, पाणी द्यायचं राहिलं का रे माझ्याकडून?

बाबा आतून आले आणि म्हणाले, मीच दाखला जोडला.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तुझे पैसे आले, औषध आलं, आणि आता आई डबीच उघडत नाही. उद्या घट बसायचे, घरात तयारी काही नाही. बाबा नवा अर्ज लिहितात आणि फाडतात. मी कुठे निघूनही जाऊ शकत नाही, पहिल्यांदाच. थांब, दार वाजलं.

ताई, परत लिहायला बसलो आहे, अक्षर लावून घे. एक मुलगी आली आहे. मेघना नाव. इंदूरहून रात्रीच्या गाडीनं मदन महल स्टेशनला उतरली आणि दादानं कधीतरी सांगितलेल्या खुणेवरून रांझीत मराठी बाबूजींचं घर विचारत विचारत आली. पिवळं छप्पर तिचं. शेत एकाएकी नाहीसं झालं म्हणून घाबरून निघाली. आई ज्या चिठ्ठ्या कंपनीच्या समजून मिटवायची, त्यांतल्या कितीतरी हिच्या होत्या. संक्रांतीचा ऊस तिनं अजून विकला नाही म्हणते, फाटकाशी तसाच ठेवला आहे.

दादाचा फोटो आतल्या खोलीत आहे. तिला वाटतं, आत तोच आहे, रागावून बसला आहे. बाबा उठून उभे राहिले ते तसेच उभे आहेत. आईनं तिला पाणी दिलं, आता तिचं मनगट धरून बसली आहे आणि माझ्याकडे बघून राहिली आहे. सांगायचं मला आहे. हे लिहून मी तेच टाळून राहिलो. तू निघ, मिळेल त्या गाडीनं.

आत्ता तिनं मला विचारलं, "भैया, दो साल से रोज़ हाथ हिलाता था, तो बोलता काहे नहीं था?"

बंडू