बोरखडीचा थांबा

४ नोव्हेंबर
एसटीच्या कंडक्टरला बोटीवर घेतात असं आमच्या वलगावात सांगितलं तर लोक हसतील. पण मला घेतलं! धरणाच्या पाण्यावरची ही मोठी बोट. खाली मोटारसायकली, शेळ्या, कापसाची बोचकी, वर बाकांवर माणसं. तिकीट फाडायचं, धक्क्याला दोर फेकायचा, उतरायच्या जागेची साखळी काढायची. खड्डे नाहीत की मागून हॉर्न नाही. ड्रायव्हर खुशालराव तोंडाने फटकळ, पण डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवतो. दीपमालाला फोन करून सांगितलं, तुझा नवरा आता जहाजावर आहे. ती इतकी हसली की म्हटलं, बाई, सातवा महिना आहे, बेताने हस.

९ नोव्हेंबर
पाण्याच्या मध्यावर, खाली, बोरखडी आहे. दीपमालाचं माहेर. धरण भरलं तेव्हा सगळं गाव पलीकडच्या काठावर नेऊन वसवलं. ती तेव्हा लहान होती. बोट तिथून जाताना बोरखडीची म्हातारी माणसं बोलणं थांबवून पाण्याकडे बघत बसतात. आज मला लहर आली. जुनी सवय, दुसरं काय! रेलिंगवर टकटक केली आणि कंडक्टरच्या आवाजात आरोळी ठोकली, चला, बोरखडीवाले उतरा! सगळी बोट हसली. खुशालराव तेवढा हसला नाही. म्हणाला, "जिथं थांबा नाही, तिथलं नाव कायले घेतं बाबू?"

१० नोव्हेंबर
आज मी तोंड उघडलं नव्हतं. तरी त्याच जागी माझा आवाज आला, खणखणीत, बोरखडीवाले उतरा. बोरखडीचे म्हातारे शालिकराम झोपेतून उठले, पिशवी घेतली, साखळी काढली आणि उतरले. उडी नाही. दांडा धरून, एक पाय, मग दुसरा, बसमधून उतरावं तसे. पाणी हललंसुद्धा नाही. गळ टाकून शोधलं, काही लागलं नाही. पोलीस म्हणाले, तोल गेला असेल. मी ओरडलो नाही असं सगळ्यांना सांगत सुटलो. सगळ्यांनी माझाच आवाज ऐकला होता.

१५ नोव्हेंबर
बोट पुन्हा सुरू झाली. बोरखडीच्याच म्हाताऱ्या मनकर्णाबाईंनी बोरखडीचं तिकीट मागितलं. तिथे बोट थांबत नाही म्हटलं, तर चिडल्या. "शालिकरामले तं उतरवलं तुमी. मले काहून नाही?" ती जागा येईपर्यंत त्यांचा हात घट्ट धरून बसलो. दोन्ही हातांनी. आवाज आला—
बांगड्या माझ्या मुठीत राहिल्या.

१८ नोव्हेंबर
नोकरी सोडली. वलगावला घरी आलो. ताप उतरत नाही. आज खुशालरावचा फोन आला. विचारत होता, बोटीवर कुठे लपून बसलास, आजही ओरडलास, दोघं गेले. मी दिवसभर अंथरुणात होतो. दीपमाला उशाशी होती.

२१ नोव्हेंबर
दीपमालाला बाळंतपणासाठी माहेरी न्यायला तिचा भाऊ जीवन आलाय. दोघांना सगळं सांगितलं. हात जोडले. जाऊच नको म्हटलं. तापात बरळतोय असं वाटतं त्यांना. शेवटी जीवनने जीपने रस्त्यारस्त्याने न्यायचं कबूल केलं. लांबचा फेरा पडेल, पडू दे. मी सोबत जायला उठलो तर दारातच पडलो.

२२ नोव्हेंबर, दुपारी
तिचा फोन. इंजिनाचा आवाज मागे. बोटीवर आहे—
रस्त्याच्या हादऱ्यांनी पोटात दुखायला लागलं. जीवनने धक्क्यावर आणून बोटीत बसवलं. तो जीप घेऊन रस्त्याने—
एकटी आहे ती.
म्हटलं बसून राहा, बाक धर. ती म्हणते, "धरूनच बसली होती, तुमीच तं उतर म्हणून राह्यले."
मी तसं म्हटलं नाही. उतरू नको म्हटलं. ओरडून म्हटलं. तिला उतर ऐकू जातं. गप्प राहिलो तरी ऐकू जातं. तोंडातून निघालेलं तिच्यापर्यंत तसं पोचत नाही. मेसेज टाकतोय, एकामागून एक, फोन तिच्या कानाला, बघत नाही. लिहिलेलं तरी—
म्हणते अंगण सारवलंय. म्हणते आपलं जुनं घर तसंच आहे, आई दारात उभी आहे.
साखळी वाजली.
दीपा, उतरू नको. बाळ आहे. उतरू नको. उतरू नको. उत