जमनाच्या दारचा कडू घास

ता. २९ ऑक्टोबर १९३६
शेजारचा रघुनाथ बुडाला. भिकाआप्पांचा एकुलता एक. दुपारी तापीत नाव उलटली. वर कुठे पाऊस झाला असावा, पाणी एकाएकी चढलं. चौघे पोहून काठाला लागले, हा नाही. सगळा गाव काठाने शोधतोय. आमचे हे शाळा सोडून तिकडेच. जमना, त्याची बायको, ओट्यावर बसून आहे. रडत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

३० ऑक्टो.
प्रेत सापडलं नाही. तरी आप्पांची चूल बंद, म्हणून गल्लीतल्या बायकांनी कडू घास पाळीपाळीने न्यायचं ठरवलं. मेलेल्याच्या घरी शेजाऱ्यांनीच अन्न न्यायचं, ही रीतच. पहिली पाळी मी मागून घेतली. पुढे पुढे करायची खोड!

पिठलं-भाकरी नेली. जमनाने फडकं उचलून पाहिलं, पुन्हा झाकलं. "आमना घर कोनी मरेल नही. लई जा." आणि माझ्यासमोर चूल पेटवली. सासू कपाळ बडवायला लागली. मी टोपली घेऊन परत, बायका दारादारांत उभ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. (काय शब्द लिहून बसले.)

१ नोव्हें.
जमना रोज रांधते. नवऱ्याचंही ताट वाढून झाकून ठेवते. म्हणते, "त्यास्ले पव्हता येस. येतीन."
सासू-सासरे तिच्या रांधण्याला शिवत नाहीत. पोरगा गेला म्हणून बसलेत, घरच्या चुलीचं गिळवेल कसं? आणि आमचं आणलेलं खायचं तर सुनेसमोर छाती होत नाही. दोघं पाण्यावर आहेत. काल आप्पा उठताना भिंतीला धरून उठले.
यांना म्हणाले, "मास्तर, तिले समजाडा." यांनी मान खाली घातली. शिकवतात म्हणे.
पारावर बोलणं चाललंय, दहाव्याला पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा, म्हणजे सुटका. कोणाची? पुतळा जळला की बायका तिच्या बांगड्या फोडायला जाणार. त्यात मीही असेन.
तिचा राग येतो. आणि ती बरोबर असली तर…

३ नोव्हें.
आप्पांचा कापूस फुटून लोंबतोय. गल्लीतली कोंडाबाई म्हणाली, "वावरमा कसानं सुतक? चाला." सगळी गल्ली वेचायला गेली. जमनाला कळलं तशी कापूस वेचायची ओटी कमरेला बांधून आली. सासू-सासऱ्यांनाही आणलं.

दुपारी सगळ्यांनी आपापली फडकी एकाच जागी सोडली. कोणती भाकर कुणाची ते राहिलं नाही. आप्पांनी घास घेतला. सासूनेही. जमनाने चटणी मागून घेतली. नदीचं कोणी नाव काढलं नाही. मला रडू आलं, ठेचा तिखट आहे म्हणून सांगितलं.
उद्याही जायचं. पण कापूस पुरणार किती दिवस?

५ नोव्हें.
सकाळी खालच्या गावाहून माणूस आला. काठाला प्रेत लागलंय. चेहरा ओळखू येत नाही, हातात चांदीचं कडं. रघुनाथच्या हातात होतं. अर्ध्या गावाच्या हातात असतं.
गाडी जुंपली. आठ दिवस पोराला मेलेला मानून बसलेले आप्पा ओट्यावरून उठेनात. "तो मन्हा पोऱ्या नही. मी येत नही." आणि जमना आपण होऊन गाडीत चढली. माणसं म्हणाली, बाईमाणसाने यायचं नसतं. "तुम्ही काय वळखशात? मी वळखसू," म्हणाली. माणसांनी सरकून जागा केली.
निघताना मला म्हणाली, "मास्तरीणबाई, आप्पाले काही खावाडा."

संध्याकाळ. गाडी नाही.
वरणभात नेला. आप्पांनी ताटावरचं फडकं उचललं. "हाऊ कडू घास शे का, बाई?"
मी म्हटलं, गाडी येऊ द्या.
ताट तसंच आहे.